लिव्हर सुजलं होतं, पण दारूने नाही

चिठ्ठीत एवढंच होतं: लिव्हर बरगडीखाली चार बोटं लागतंय, पायावर सूज, सोनोग्राफी करावी. पेशंट सोलापूरच्या पूर्व भागातला, पॉवरलूमवर टॉवेल विणणारा, तिशीचा. फुगलेलं पोट, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. एवढ्यावर गल्लीने निकाल लावला होता: दारू. आई टेबलाजवळ येऊन म्हणाली, "साहेब, दारूला शिवत नाही ओ हा. कोण ऐकतच नाही."

सपाट झोपवलं की त्याला दम लागायचा, म्हणून उशा देऊन डोकं उंच केलं. हाताला लागलं म्हणजे लिव्हर मोठंच, असं नसतं. दम्याच्या जुन्या पेशंटमध्ये फुगलेली फुप्फुसं त्याला खाली ढकलतात. काहींच्या, विशेषतः बायकांच्या, उजव्या भागाला जिभेसारखा लांबोडका फाटा असतो, त्याला रीडेल लोब म्हणतात. म्हणून मोजायचं. कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेत प्रोब उभा धरला, श्वास धरायला सांगितलं. 18.4 सेंटिमीटर. साधारण 16 च्या वर मोठं धरतात. खालची कड धारदार असायला हवी, ती बोथट झाली होती.

गर्दीच्या दिवशी इथेच रिपोर्ट उरकला जातो, आणि मला ते पटत नाही. चरबी साठली की लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा पांढरं दिसतं. याचं तसं नव्हतं. मग शिरा पाहिल्या. लिव्हरमधल्या तिन्ही शिरा तट्ट फुगलेल्या. त्या जिथे रिकाम्या होतात ती हृदयाकडे जाणारी मोठी शीर, आयव्हीसी, 26 मिलिमीटर. 21 च्या पुढे गेली की आम्ही सावध होतो. "नाकाने जोरात श्वास ओढा," म्हटलं. ती निम्मी तरी मिटायला हवी होती. हललीसुद्धा नाही. उजव्या फुप्फुसाखाली पाणी होतं.

रक्त पुढे सरकत नव्हतं, ते लिव्हरमध्ये तुंबलं होतं. अडचण हृदयात होती.

"मावशी, लहानपणी याचे सांधे सुजले होते का?"

"होय की! ताप यायचा, गुडघे धरून रडायचा."

त्याच दिवशी टू-डी इको करून घ्यायला पाठवलं. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली निघाली. घसादुखीनंतर येणारा संधिवाताचा ताप लहानपणीच झडपेला धरतो, ती वर्षानुवर्षं आखडत जाते, आणि पोट फुगेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

इकोचा कागद घेऊन आई, तो आणि त्याचा थोरला भाऊ परत आले, तेव्हा आईने विचारलं, "दारूने नाही, असं लिहून देता का?" रिपोर्टमध्ये तसं लिहिता येत नाही. मी थोरल्याला आत बोलावलं, स्क्रीनवर त्या शिरा दाखवल्या आणि सगळं समजावून सांगितलं. तो धाकट्याला काही बोलला नाही. ॲडमिशनचे कागद मात्र त्यानेच माझ्या हातातून घेतले.