दहा किलोमीटरची वेळ आणि पोटाचा घेर

पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ७४ किलोच्या माणसाला १० किलोमीटरसाठी ७४० च्या आसपास. वेग वाढवला तरी हा आकडा फारसा हलत नाही. वजन बदललं की हलतो. म्हणून ‘वजन उतरव, वेळ सुधारेल’ हा सल्ला लातूर असो की परभणी, मैदानावर सगळीकडे ऐकू येतो. सल्ला अर्धा आहे. वजनातलं नेमकं काय उतरवायचं, ते त्यात नसतं.

७४ किलो वजन आणि २७ टक्के चरबी असलेला माणूस घ्या. २० किलो चरबी, ५४ किलो बाकीचं शरीर. पूर्ण जोर लावल्यावर तो मिनिटाला ३.१ लिटर ऑक्सिजन वापरतो असं धरू, म्हणजे किलोमागे ४२ मिलिलिटर. नुसती चरबी ५ किलो घटली तर वजन ६९, चरबी २२ टक्क्यांच्या आत, आणि तोच ऑक्सिजन आता किलोमागे ४५ मिलिलिटर पडतो. हृदय तेच, फुप्फुसं तीच, तरी ७ टक्के फायदा. दुसरा कुणी रात्रीचं जेवण तोडून तेच ५ किलो घाईत उतरवतो आणि त्यात निम्मा स्नायू जातो. काटा त्यालाही ६९ च दाखवतो. पण चरबी २५ टक्क्यांच्या वरच राहते, आणि ऑक्सिजन वापरणारा स्नायूच घटल्यामुळे ते ३.१ लिटरही टिकत नाहीत.

हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात फायदा कमी-जास्त होतो. हौशी धावपटूंवरच्या अभ्यासांत चरबीचं प्रमाण आणि सरावातला वेग या दोन्हींचा शर्यतीच्या वेळेशी संबंध दिसतो. पण जो जास्त पळतो त्याची चरबी मुळातच कमी असते, हे विसरून चालत नाही. आठवड्याला १५ किलोमीटर पळणाऱ्याने आधी ते हळूहळू ३० वर न्यावेत. चरबीचा विचार त्यानंतर.

आपल्याकडे ‘मी तर बारीकच आहे’ हे वाक्य फसवं ठरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांची २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली तुलना प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, २२ च्या घरात. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हात-पाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी शरीरं आपल्या गावागावांत आहेत. बीएमआय त्यांना पास करतो.

मोजायचं कसं? पायाखालून सूक्ष्म वीजप्रवाह सोडणारे काटे शरीरातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पळून घाम गाळल्यावर, जेवल्यावर, कोरड्या भेगाळलेल्या टाचांनी उभं राहिल्यावर आकडा सरकतो. वापरायचाच तर सकाळी शौचाहून आल्यावर, पाणी पिण्याआधी, आणि रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी बघा. माझा भरवसा शिंप्याच्या टेपवर जास्त आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडून झाल्यावर. बेंबीवरून मोजू नका. पोट लोंबलं की बेंबीही खाली सरकते. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. वजन स्थिर आणि घेर २ सेंटिमीटरने कमी, ही उत्तम बातमी समजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही आरोग्याची वरची मर्यादा मानतात.

१ किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. रोज ४०० ची तूट ठेवली, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाल्लं, तर ५ किलोला १४ आठवडे लागतात. ही तूट कुठून काढायची? भाकरीतून नको, तेलातून. चार माणसांच्या घरात माणशी रोज २० ग्रॅम तेल धरलं तर १५ किलोचा डबा सहा महिने पुरायला हवा. तीन महिन्यांत संपत असेल तर माणशी २० ग्रॅम जास्त जातंय, म्हणजे १८० किलोकॅलरी. करडईचं असलं तरी तेल ते तेलच. तर्री, भजी आणि गोड चहाचे दोन कप कमी केले की उरलेलीही निघते.

प्रथिनं मात्र वाढवावी लागतात, वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम; ७४ किलोला ११८ ग्रॅम. शाकाहारी माणसाला हे जमतं, पण मोजून खावं लागतं: ज्वारीच्या तीन भाकरी १८, कच्ची तूरडाळ ६० ग्रॅम १३, मटकी किंवा हरभरा ६० ग्रॅम १२, सोयावडी ५० ग्रॅम २६, अर्धा लिटर दूध १६, दही ३०० ग्रॅम १०, पनीर १०० ग्रॅम १८, मूठभर शेंगदाणे ७. पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती, हे शिजवण्याआधी तोलून बघा. श्रावणात साबुदाणा खिचडीवर दिवस काढला तर प्रथिनं जेमतेम शेंगदाण्यांचीच मिळतात. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही बरं. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी लांब पळणं ठेवू नका.

स्नायू टिकवायला आठवड्यातून दोनदा अर्धा तास ताकदीचा व्यायाम हवाच. बैठका, पायरीवर चढ-उतर, एका पायावर टाचा उचलणं, प्रत्येकी १२ चे तीन फेरे; पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलोपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी वजन वाढवा. वजन न वाढवता नुसत्या शंभर बैठका मारल्या तर दम वाढतो, ताकद फारशी नाही.

तूट फार झाली की शरीर बोलतं: सहज पळण्याच्या वेगालाही हृदयाचे ठोके चढतात, झोप तुटते, सर्दी हटत नाही, नडगीवर एका बोटाच्या जागी दुखतं. स्त्रियांची पाळी लांबते किंवा थांबते, आणि ते ‘फिट’ झाल्याचं लक्षण मुळीच नाही. खाल्लेल्यातून पळण्याचा खर्च वजा करून जे उरतं, ते चरबी सोडून बाकीच्या शरीराच्या किलोमागे रोज ३० किलोकॅलरी हा धोक्याचा उंबरठा मानतात. ५८ किलोच्या, २८ टक्के चरबीच्या बाईला १० किलोमीटर पळण्याच्या दिवशी १८४० च्या खाली खाऊन चालणार नाही. पाळी तीन महिने आली नाही तर तूट लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा.

प्रगती तपासायला महिन्यातून एकदा ५ किलोमीटर, त्याच ठोक्यांवर, त्याच रस्त्यावर पळा. मे महिन्यातली वेळ डिसेंबरच्या वेळेशी जुळवू नका. आपल्या ४२ अंशांत शरीर रक्त कातडीकडे वळवतं आणि ठोके वाढतात, चरबी कितीही असो.

डिसेंबरच्या मध्यात स्पर्धा असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला तूट सुरू करा आणि शेवटचे तीन-चार आठवडे पोटभर जेवा. शेवटच्या दोन दिवसांत भात-भाकरी वाढवल्यावर काटा किलोभर वर जाईल. स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेचा साठा) सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं, त्याचं ते वजन. तेवढं घेऊनच सुरुवातीच्या रेषेवर उभं राहा.