ओरादूरला जाणार असाल तर अख्खी सकाळ मोकळी ठेवा

जूनच्या सुट्टीत आम्ही चौघं भाड्याची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन जर्मनीतल्या श्टुटगार्टहून, आमच्या घरून, फ्रान्सला निघालो. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि माणगावहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. दोर्दोन्यच्या खोऱ्यात आठवडाभर राहायचं, किल्ले आणि गुहा बघायच्या असा बेत होता. वाटेत ओरादूर-स्यूर-ग्लान, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जाळलेलं आणि तसंच जपून ठेवलेलं गाव, लागणार हे ठाऊक होतं. दोन तासांत बघून दुपारी पुढे जाऊ असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सकाळी साडेनऊला आत गेलो ते दीड वाजून गेल्यावर बाहेर आलो, आणि त्या दिवशी गाडी पुढे काढावीशी कुणालाच वाटली नाही. रात्र तिथंच काढली. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: हे गाव दोन किल्ल्यांच्या मधल्या फटीत बसवू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १० जून १९४४, शनिवार. दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून चारच दिवस झाले होते. 'दास राइख' ही एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची, चिलखती डिव्हिजन दक्षिणेकडून नॉर्मंडीकडे निघाली होती. आदल्याच दिवशी तिने त्यूल गावात ९९ पुरुषांना फाशी दिली होती. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास तिची एक कंपनी ओरादूरमध्ये शिरली. गावाला वेढा पडला, सगळ्यांना बाजाराच्या मैदानात जमा केलं गेलं. पुरुषांना गोठे, गॅरेज, कोठारं अशा सहा ठिकाणी नेऊन गोळ्या घातल्या आणि वर आग लावली. बायका आणि मुलांना चर्चमध्ये कोंडून मारलं. मग घरं पेटवली. मृतांचा आकडा अनेक वर्षं ६४२ सांगितला जायचा. २०२० मध्ये एका स्पॅनिश निर्वासित बाईचं नाव नव्याने सापडलं आणि तो ६४३ झाला. ओळख पटेल अशी प्रेतं फार थोडी होती. पुढे फ्रान्सच्या हंगामी सरकारचे प्रमुख द गॉल यांनी गाव आहे तसंच ठेवायचं ठरवलं, १९४६ मध्ये अवशेषांना ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि शेजारीच नवं ओरादूर बांधलं गेलं.

आता रस्ता. श्टुटगार्टहून हे अंतर साधारण नऊशे किलोमीटर आहे. मोटरहोमने ते एका दिवसात करू नका, आम्ही वाटेत दोन मुक्काम केले. मुलूझ, बोन, मग शालों-स्यूर-सोनहून पश्चिमेला दिग्वाँ, माँल्यूसाँ आणि लिमोज, असे आम्ही गेलो. दिग्वाँनंतर लागणाऱ्या ए-७९ या रस्त्यावर टोलनाके नाहीत. वर कमानीत कॅमेरे आहेत, ते नंबरप्लेट टिपतात आणि पैसे आपण ७२ तासांत ऑनलाइन भरायचे असतात. नाका दिसला नाही म्हणजे रस्ता फुकट असं समजू नका. दंडाचं पत्र भाड्याने गाडी देणाऱ्यांकडे जातं आणि ते त्यावर आपला आकार लावून तुमच्याकडून वसूल करतात. पॅरिसकडून येणाऱ्यांना तुलनेनं सोपं आहे, व्हिएर्झाँनंतर लिमोजपर्यंत ए-२० ला टोल नाही. बाकीच्या टोलरस्त्यांवर गाडीच्या उंचीला महत्त्व: दोन ते तीन मीटरची गाडी दुसऱ्या वर्गात, तीन मीटरच्या वर गेली की तिसऱ्या वर्गात आणि पैसे बरेच जास्त. ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा असलेली गाडी घेत असाल तर कागदावर उंची नीट बघा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून समोरच्या काचेपाशी चिकटवा. फ्रान्समध्ये सुपरमार्केटच्या वाहनतळांवर दोन मीटर उंचीचे आडवे दांडे सर्रास असतात. नवऱ्याने एकदा असा दांडा अगदी शेवटच्या क्षणी पाहिला, तेव्हापासून ती चिठ्ठी आमच्या गाडीत आहे.

भारतातून येऊन गाडी भाड्याने घेणार असाल तर साडेतीन टनांपर्यंतची मोटरहोम साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालते. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना मात्र भारतातूनच काढून आणा, इथे आल्यावर तो मिळत नाही.

ओरादूरला गाडी लावायची चिंता नाही. स्मृतिकेंद्राचा वाहनतळ मोठा आहे, दिवसा मोटरहोम सहज मावते. रात्रीसाठी नव्या गावात मोटरहोम थांबायची जागा आहे. फ्रान्समधल्या अशा जागी टाकीतलं सांडपाणी सोडणं, शौचालयाची कॅसेट (मैल्याची सुटी टाकी) रिकामी करणं आणि पिण्याचं पाणी भरणं हे एकाच खांबापाशी होतं. कुठे नाणी चालतात, कुठे फक्त कार्ड, तेव्हा दोन्ही जवळ असू द्या. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कॅसेट धुवायचा नळ वेगवेगळे असतात, पाटी वाचल्याशिवाय पाइप लावू नका.

अवशेषांमध्ये जायला तिकीट नाही, स्मृतिकेंद्रातल्या प्रदर्शनाला आहे. पण आत जायची वाट केंद्रातूनच आहे. १९९९ मध्ये उघडलेली ही इमारत मुद्दाम अर्धी जमिनीत घातली आहे, जुन्या गावातून ती नजरेत खुपू नये म्हणून. तिथून एका भुयारी मार्गाने रस्त्याखालून पलीकडे निघायचं. प्रदर्शन आधी बघा असं माझं स्पष्ट मत आहे. निदान तासभर द्या. नाझी सत्तेत कसे आले, ही डिव्हिजन पूर्व आघाडीवर काय करून आली होती, हे डोक्यात असलं की पुढचं गाव नुसती पडकी घरं राहत नाही. स्वच्छतागृहाला इथेच जाऊन या. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत केंद्र बंद असतं आणि बाकी वर्षातही ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळ बघा. १० जूनला स्मरणसोहळा असतो. शांतपणे बघायचं असेल तर तो दिवस टाळा. कुत्रा आत नेता येत नाही, आणि उन्हाळ्यात तापलेल्या मोटरहोममध्येही त्याला ठेवू नका.

भुयारातून वर आलं की फाटकापाशी पाटी आहे: 'लक्षात ठेवा'. त्यापुढे शांतता पाळायची सूचना. लोक खरंच पाळतात. शाळेच्या सहलीची चाळीसेक मुलं आमच्या पुढे होती, त्यांच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता.

मुख्य रस्ता हळूहळू चढत जातो. मधोमध ट्रामचे रूळ आहेत, वर तारांचे खांबही. लिमोजहून इथवर ट्राम यायची. खायचे वांधे होते त्या काळात शहरातले लोक शनिवारी अंडी, लोणी, भाजी न्यायला या ट्रामने ओरादूरला येत. त्यांतलेही काही त्या दिवशी सापडले. दोन्ही बाजूंना छपरं नसलेल्या दगडी भिंती, आणि भिंतींवर छोट्या पाट्या: इथे न्हावी, इथे पाववाला, इथे लोहार, इथे कापडाचं दुकान. त्यामुळे आपण अवशेषांतून चालत नाही, बाजारपेठेतून चालतो. ज्या सहा जागी पुरुषांना मारलं तिथे वेगळ्या पाट्या आहेत, क्षणभर थांबून स्मरण करा असं सांगणाऱ्या.

आणि घराघरांत शिलाई मशीनं. खिडकीच्या कट्ट्यावर, चुलीशेजारी, नुसत्या जमिनीवर. लाकूड जळून गेलं, लोखंड उरलं. सासूबाईंनी माणगावात तीस वर्षं गावाचे ब्लाउज शिवले आहेत. एका घरापाशी त्या थबकल्या आणि दोरीच्या अलीकडून वाकून बघत राहिल्या. "पायमशीन आहे," त्या म्हणाल्या. "पायडल बघ. हे पट्ट्याचं चाक. आणि ही बॉबीन भरायची जागा." गंजून सगळं एकजीव झालेलं, मला तर नुसता लोखंडाचा गोळा दिसत होता. त्यांनी बोट दाखवल्यावर एकेक भाग सुटा दिसायला लागला. पुढच्या प्रत्येक घरात त्या आधी मशीन शोधत होत्या. कुठलं हाताचं, कुठलं पायाचं, हे मला सांगत होत्या. दोन मशीनं एका घरात दिसली तेव्हा म्हणाल्या, "ही बाई दुसऱ्यांचंही शिवत असणार." केंद्रातल्या कुठल्याही फलकाने मला ओरादूर इतकं जवळ आणून दिलं नाही.

बाजाराच्या मैदानात एक गंजलेली मोटार उभी आहे, तिच्यापाशी सगळे थांबतात. तिचे फोटो तुम्ही पाहिलेही असतील. पण मी म्हणेन, वेळ शाळांना द्या. मुलांची शाळा, मुलींची शाळा, आणि जर्मनांनी लॉरेन प्रांतातून हाकलून दिलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी एक छोटी शाळा. त्या लॉरेनच्या शाळेतला रोजे गोदफ्रँ हा आठेक वर्षांचा मुलगा पळाला. जर्मन दिसले तर रानात पळ, असं आईवडिलांनी बजावून ठेवलं होतं, तो पळाला आणि वाचला. शाळेतल्या मुलांपैकी तो एकटाच.

इथे लेकीने मला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. तिची शाळा जर्मन, मैत्रिणी जर्मन, प्रश्न मनात जर्मनमध्येच येतात. अर्ध्या वाक्यात ती थांबली. शेजारी एक म्हातारं फ्रेंच जोडपं उभं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. तरी तिने आवाज एकदम खाली आणला आणि तोच प्रश्न मराठीत विचारला: "इथे जर्मन बोललेलं चालतं का?" मी तिला म्हटलं, चालतं. २०१३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक इथे आले होते, चर्चमध्ये उभे राहिले होते, आणि सोबत रोबेर एब्रास होते, गोठ्यातल्या प्रेतांखालून जिवंत निघालेल्या पाचांपैकी एक. एब्रास पुढे कितीतरी वर्षं शाळेच्या मुलांना गाव दाखवत राहिले. २०२३ मध्ये, ९७ व्या वर्षी, गेले. ते शेवटचे साक्षीदार. लेकीने ऐकून घेतलं, पण गावातून बाहेर पडेपर्यंत ती मराठीतच बोलली. मी आग्रह केला नाही.

मुलांना न्यावं का, असं मला आधीच दोघींनी विचारलं आहे. बाराच्या पुढे जरूर न्या, पण काय घडलं ते आदल्या रात्री घरच्या भाषेत सांगा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळता कामा नये. लहानग्यांना नेऊ नका असं मी म्हणेन. पळायला मोकळी जागा दिसते, आणि तिथे त्यांना दटावत फिरणं तुम्हालाही नको होईल.

चर्च वाटेत लवकर लागतं, आम्ही ते शेवटी ठेवलं. छप्पर नाही. जमिनीवर घंटेचा वितळून पुन्हा गोठलेला ढेकूळ. वेदीपाशी बाबागाडीचा सांगाडा. भिंतीवर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचा स्मृतिफलक, आणि त्या फलकावरच गोळ्यांच्या खुणा. चर्चमधून एकटी मार्गरीत रूफाँश बाहेर पडली. वेदीमागच्या खिडकीतून तिने खाली उडी मारली. तिच्यामागून आलेली तरुण आई आणि तान्हं मूल मारले गेले. मार्गरीतलाही गोळ्या लागल्या. वाटाण्याच्या ओळींत शिरून ती दुसऱ्या दिवशीपर्यंत पडून राहिली. नवरा, मुलगा, दोन्ही मुली, नातू, सगळे गेले. १९५३ साली या हत्याकांडातल्या सैनिकांवर बोर्दोत चाललेल्या खटल्यात तिने उभं राहून साक्ष दिली. बाहेरून फेरी मारून ती खिडकी बघा, उंची तेव्हाच कळते.

त्या खटल्यातल्या २१ आरोपींपैकी १४ अल्सास या जर्मनीला लागून असलेल्या फ्रेंच प्रांतातले, म्हणजे फ्रेंचच होते, बहुतेक जण जर्मनांनी सक्तीने भरती केलेले. शिक्षा झाल्या आणि लगेच संसदेने त्या सक्तीच्या भरतीवाल्यांना माफी दिली. ओरादूरने सरकारने दिलेला सन्मान परत केला, मृतांच्या अस्थी सरकारी तळघरात ठेवायला नकार दिला आणि कबरस्तानात स्वतःची समाधी बांधली. अनेक वर्षं नव्या गावात नाचगाण्याचे समारंभ झाले नाहीत. कबरस्तान वरच्या टोकाला आहे. पाय दुखत असले तरी तिथवर जा. थडग्यांवर चिनीमातीच्या तबकड्यांत फोटो आहेत, लग्नातले, शाळेतले.

ज्येष्ठांसाठी: चढ सौम्य पण लांब आहे, सावली अगदी थोडी. टोपी, पाणी आणि धरून चालायला कुणीतरी हवं. पाऊस झाल्यावर घरांच्या कडेचे दगड निसरडे होतात. भिंतींवर चढू नका, टेकूही नका. छपराशिवाय उभं राहण्यासाठी त्या कधी बांधलेल्याच नव्हत्या. दर हिवाळ्यात पाणी आत मुरतं, चुना सुटतो. त्या टिकवायला सरकार आणि संस्था सतत पैसा उभा करत आहेत. केंद्रात त्यासाठी देणगी देता येते, आम्ही दिली.

संध्याकाळी गाडीत खिचडी केली. सासूबाई माणगावच्या यशवंत घाडग्यांबद्दल बोलत होत्या. तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे, येता-जाता आम्ही तो बघतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, इटलीत लढताना गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तारीख लेकीने फोनवर शोधली: १० जुलै १९४४. ओरादूरनंतर बरोबर एक महिना. "म्हणजे तो ह्यांच्याशीच लढत होता," सासूबाई म्हणाल्या आणि ताट बाजूला ठेवून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

सकाळी नव्या गावातल्या बेकरीतून पाव घेतला. रांगेत शाळेची दप्तरं लावलेली मुलं होती. टाक्या रिकाम्या केल्या, पाणी भरलं, दहाला निघालो.

अल्सासवरून परतणार असाल तर शिर्मेक इथे अल्सास-मोझेलचं स्मारक-संग्रहालय आहे, सक्तीने जर्मन सैन्यात ओढलेल्या मुलांची बाजू तिथे मांडली आहे. ओरादूरनंतर ते बघायलाच हवं असं लेकीचं म्हणणं. आम्हाला यावेळी जमलं नाही, शरदाच्या सुट्टीसाठी ठेवलं आहे.