शांत आजोबा

रेफरलच्या कागदावर एवढंच होतं: 'वय ७८, खुब्याच्या ऑपरेशननंतर चौथा दिवस. उदास, बोलत नाही, जेवत नाही. मानसोपचार मत द्यावे.' त्या संध्याकाळचा हा माझा शेवटचा कॉल. आजोबा डोळे मिटून पडले होते. "मन उदास वाटतं का?" मान हलली. "झोप लागत नाही?" मान हलली. सात-आठ मिनिटांत मी केस पेपरवर 'नैराश्य' लिहिलं, एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी ओपीडीच्या दाराशी उभी होती. "मॅडम, परवा दुपारी बाबा माझ्याशी हिशेबावरून चांगले भांडले. एका रात्रीत माणूस असा होतो का?"

नैराश्याने नाही होत. त्याला यायला दिवस, आठवडे लागतात. म्हातारा माणूस रातोरात बदलला तर आधी डिलिरियम, म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडणारा गोंधळ, शोधायचा आणि त्याच्यामागचं शरीरातलं कारण शोधायचं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, आणि आदल्या संध्याकाळी 'हे कधीपासून?' एवढंही मी विचारलं नव्हतं.

तशीच वॉर्डात गेले. चष्मा आणि कानाचं मशीन कपाटात होतं. 'हरवायला नको' म्हणून. दोन्ही लावले आणि आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. "रविवार... शनिवार... शुक्रवार... शुक्रवार..." आणि नजर सलाइनच्या थेंबांवर जाऊन अडकली. परत हाक मारली. "शुक्रवार."

डिलिरियम ओळखायची, १९९० पासून वापरात असलेली कॅम नावाची पद्धत आहे. अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, आणि त्यासोबत विस्कळीत बोलणं किंवा गुंगी, एवढंच त्यात बघायचं असतं. पाच मिनिटं पुरतात. पण नळ्या उपसणाऱ्या, ओरडणाऱ्या पेशंटसाठी रात्री दोन वाजता फोन येतो, गप्प पडून राहणाऱ्यासाठी कोणी करत नाही. मुलांच्या वॉर्डातही तेच. तापात निपचित पडलेल्या पोराला 'शहाणं आहे, त्रास देत नाही' म्हणतात.

मग औषधांचा तक्ता वाचला. दोन दिवसांपूर्वी रात्री झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन, खाजेसाठी हायड्रॉक्झिझिन आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल. तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. पहिल्या दोन्ही अँटिकोलिनर्जिक. म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात आणि लघवीही अडवतात. तिसरं त्यात भर घालतं.

"सिस्टर, लघवी होतेय?"

"हो डॉक्टर, डायपर सारखा ओला असतो."

हा 'सारखा' ऐकून मी चादर बाजूला केली. बेंबीखाली हात ठेवला तर ताणलेला गोळा लागला. बोटांनी ठोकून पाहिलं, आवाज भरीव. हात दाबला तशी आजोबांची भिवई आक्रसली, तोंडातून मात्र आवाज नाही. मूत्राशय तुडुंब भरलं की थोडं थोडं बाहेर सांडत राहतं, आणि तक्त्यावर त्याची 'लघवी होत आहे' अशी नोंद होते. कॅथेटर दोन दिवसांपूर्वी काढला होता, त्यानंतर पोटाला कोणी हात लावला नव्हता. सिस्टरांना मी दोष देत नाही, रात्री एवढ्या खाटांना त्या दोघीच असतात. दोष त्या तक्त्याचा आहे, ज्यात 'ओला' आणि 'कोरडा' असे दोनच रकाने आहेत.

कॅथेटर घातला. पिशवीत ११०० मिली उतरली. दोन्ही गोळ्या बंद केल्या, ट्रॅमाडॉलऐवजी पॅरासिटामॉल लिहिली, आणि कालची माझी एस्सिटालोप्रामही खोडली. या वयात तिने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि मी ती तपासणी न बघताच लिहिली होती. नशिबाने त्या दिवशी सोडियम ठीक निघालं.

तिसऱ्या दिवशी आजोबा उशीला टेकून बसले होते. मला ओळखलं नाही, ते साहजिकच. वार उलटे सोमवारपर्यंत धडाधड म्हणून दाखवले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या रात्री भिंतीतून माणसं येत होती. पायाशी उभी राहायची."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

मुलीने माझ्याकडे बघितलं. उदास वाटतं का, झोप लागते का, हे मी विचारलं होतं. काही दिसतंय का, भीती वाटतेय का, हे नव्हतं विचारलं. केस पेपरवर माझ्या त्या संध्याकाळच्या आणि दुसऱ्या सकाळच्या नोंदी अजून एकाखाली एक आहेत.