प्लेटमध्ये निळा नव्हता

नववीत चित्रकलेच्या तासाला बाईंनी टेबलावर काचेच्या बरणीत फुलं ठेवली, पांढरी शेवंती, दोन लाल गुलाब आणि एक जांभळा अ‍ॅस्टर, आणि आमच्या रंगपेट्या गोळा करून सरळ कपाटात. प्रत्येकाच्या प्लेटमध्ये पोस्टर कलरचे चारच ठिपके: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा. मी विचारलं, बाई पानं हिरवी कशी करायची? तर म्हणाल्या, पिवळ्यात काळा टाकून बघ की.

टाकला आणि खरंच हिरवा आला! पोपटी वगैरे नाही, जून पानाचा असतो ना तसला. पण मग मी चेकाळून इतका काळा ओतला की पानांचा पार चिखल झाला, काळा ब्रशच्या टोकाला जेमतेम लागेल एवढाच घ्यायचा असतो हे अक्कल शिकवून गेलं. शेवंती सोपी वाटलेली, तीच सगळ्यात अवघड गेली कारण पांढऱ्या पाकळीची सावली पांढरी नसते, तिथे काळा-पांढरा मिसळून राखाडी लावला आणि शेजारी ऑकरची पिवळट बॅकग्राउंड आली तसा तो राखाडी चक्क निळसर दिसायला लागला. मी प्लेटमध्ये परत बघितलं, तिथे राखाडीच होता.

(पुढे कधीतरी वाचलं की या चार रंगांच्या संचाला झॉर्न पॅलेट म्हणतात, स्वीडनच्या अँडर्स झॉर्न, १८६०–१९२०, या चित्रकाराच्या नावाने. तो पोर्ट्रेटसाठी गाजलेला, आणि त्वचेला हे रंग फिट्ट बसतात, फुलांना थोडी ओढाताणच होते. बाईंनी हे नाव कधी घेतलं नाही.)

अ‍ॅस्टर मात्र जमेना. लाल, काळा, पांढरा मिसळून जे आलं ते मळकट वांगी. शेवटी मैत्रिणीच्या दप्तरात उरलेली निळ्याची बाटली मी गुपचूप उघडली आणि फुल्ल जांभळं फूल काढून मोकळी झाले. बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसता अंगठा त्या फुलावर धरला. अंगठा ठेवला की चित्र एक, काढला की ते एकटंच फूल ओरडतंय.

मग त्याच्यावर मळकट वांगी लावला. खालचा रंग नीट वाळला नव्हता आणि पोस्टर कलर ओल्या ब्रशने सुटतोच, त्यामुळे ते चित्र आजही बाहेर काढलं की डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांत निळा वर आलेला दिसतो.