लिटरल कॉपीतून फंक्शन कॉल हटला

एलझेडफोर (LZ4) या पद्धतीने आकसलेला डेटा पुन्हा उलगडणाऱ्या माझ्या डिकोडरचं काम पुढे सरकलंय. फॉरमॅट बरोबर वाचला जातोय, आता सगळा वेळ खातेय ती लिटरल कॉपी, म्हणजे न आकसलेले बाइट जसेच्या तसे उतरवणं. लांबी बहुतेकदा १६ बाइटांच्या आत, पण नेमकी किती ते प्रोग्राम चालतानाच कळतं. लांबी ठरलेली असेल तर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर मेमकॉपीच्या (बाइट कॉपी करणारं लायब्ररी फंक्शन) जागी थेट मूव्ह सूचना टाकतात. व्हेरिएबल दिलं की सहसा लायब्ररीला कॉल. पाच बाइटांसाठी एवढा खटाटोप जिवावर येतो.

म्हणून पॉइंटरना रिस्ट्रिक्ट (दोन्हींच्या जागा एकमेकांवर येत नाहीत, अशी कंपायलरला हमी) लावून साधा बाइट-बाइट लूप लिहिला. कंपायलरने काढलेली असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना) पाहिली तर तिथे पुन्हा मेमकॉपीचाच कॉल! कंपायलर असा लूप ओळखतो आणि बदलून टाकतो. पर्याय देऊन हे बंद करता येतं, पण तेवढ्याने लूप वेगवान होत नाही.

मार्ग सापडला तो फार देखणा आहे. लांबी ८ ते १६ असेल तर सुरुवातीचे ८ आणि शेवटचे ८ बाइट आधी रजिस्टरमध्ये वाचायचे, मग दोन्ही लिहायचे. लांबी ११ असली तर मधले ५ बाइट दोनदा लिहिले जातात, बिघडत काहीच नाही. ४ ते ७ साठी हेच चार-चार बाइटांनी. १ ते ३ साठी पहिला, लांबीच्या निम्म्यावरचा आणि शेवटचा बाइट. शून्य वेगळं तपासायचं. प्रत्येक तुकडा ठरलेल्या लांबीच्या मेमकॉपीनेच लिहा, म्हणजे अलाइनमेंट (पत्ता ठरावीक पटीत असण्याची अट) आणि अलायसिंग (एकच जागा वेगवेगळ्या टाइपने वाचण्यावरचे नियम) दोन्ही कंपायलर सांभाळतो. जीलिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररीही आतून छोट्या लांबीसाठी हेच करते, इथे फक्त कॉल वाचतो.

मॅच कॉपीला (आधी उलगडलेल्या डेटाचा तुकडा पुन्हा उतरवणं) मात्र हे डोळे झाकून लावू नका. ऑफसेट, म्हणजे किती मागून वाचायचं ते अंतर, लांबीपेक्षा कमी असला की नुकतेच लिहिलेले बाइट पुन्हा वाचायचे असतात, आणि आधीच सगळं वाचून ठेवलं तर चुकीचा डेटा येतो.

उरली ब्रँचची, म्हणजे लांबी तपासून वाट निवडण्याची, किंमत. लांब्या अनियमित असल्या की पुढची वाट आधीच ओळखू पाहणारा प्रोसेसरचा प्रेडिक्टर चुकतो आणि आजच्या एक्स८६ वर एका चुकीला साधारण १५ ते २० सायकल जातात. कॉपीपेक्षा हेच महाग! त्यामुळे दोन्ही बफरांत पुढे जागा असेल तिथे सरळ १६ बाइट कॉपी करतो आणि पॉइंटर खऱ्या लांबीने पुढे नेतो. वरची लांबीनुसार तपासण्यांची शिडी आता फक्त बफरच्या टोकाशी लागते.

पुढचा प्रयोग एव्हीएक्स-५१२ बीडब्ल्यू या एक्स८६ प्रोसेसरांवरच्या सूचनासंचातल्या मास्कचा (कोणते बाइट घ्यायचे ते सांगणारे बिट). त्यात लांबीपुरतेच बाइट वाचता-लिहिता येतात, त्यामुळे टोकाची शिडीही काढता येईल.