भाईंच्या वाट्याची वारी

गावचं वाचनालय सांभाळणाऱ्या आमच्या भाईंनी जन्मात कधी आषाढी वारी केली नाही. गळ्यात माळ होती, हरिपाठ तोंडपाठ होता, एकादशी कधी मोडली नाही. पण आषाढ लागला की ते वाचनालयात ठाण मांडून बसायचे. गोव्याचा पाऊस पुस्तकं खातो. चार दिवस कपाट उघडलं नाही तर पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते, पानं एकमेकांना चिकटतात, कसर आतून भोकं पाडत जाते. "पुंडलिकानं आईबापाचे पाय सोडले नाहीत म्हणून देव थांबला ना? मग मी ही कपाटं टाकून कुठं जाऊ?" असं म्हणायचे आणि गावच्या दिंडीबरोबर विठोबासाठी तुळशीची माळ पाठवायचे. यंदा फाल्गुनात ते गेले. मी वारीला नाव दिलं. कुणापाशी बोलले नाही, पण ही वारी त्यांच्या वाट्याची होती.

डिचोली तालुक्यातलं आमचं गाव. सांखळीला विठ्ठलापुरात दर्शन घेऊन निघालो तेव्हा वाळवंटी नदी दुथडी भरून चालली होती. केरीपर्यंत पाऊस एकसारखा कोसळत होता. पताका ओल्या होऊन काठीला गुंडाळल्या जात होत्या, मृदंगावर प्लॅस्टिक बांधलेलं, त्यामुळे ठेका नीट ऐकूच येईना. मागचे पुढे ओरडायचे, पुढचे मागे. अभंग एका चालीत राहत नव्हता, आणि मला त्याचा राग येत होता. विठ्ठलाचं नाव घेता घेता राग येतो, हे वारीत चाललेल्यांना सांगायला नको.

चोर्ल्याचा घाट अजून पुढेच होता आणि माझ्या उजव्या टाचेला फोड आला. भिजलेल्या बुटात कातडी घासून घासून एवढा मोठा झाला की पाऊल टेकवेना. दिंडीप्रमुख म्हणाले, "ताई, टेंपोत बसा, घाट झाला की उतरा." ते काळजीनंच म्हणाले होते, पण माझे डोळे भरून आले. भाईंच्या वाट्याची वारी टेंपोतून कशी करायची?

रस्त्याकडेला एक घर होतं. पडवीत एक म्हातारी बाई तायकिळ्याची पालेभाजी निवडत बसलेली. मी पायरीवर टेकले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि म्हणाली, "बाय, पांय हांगा दी." मी नको नको म्हणत होते. वारकऱ्याचे पाय धरायला मिळाले तर तिचीही वारी होते, हे तिनं मला दटावूनच सांगितलं. चुलीवरचं कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं, पाय धुतला, सुती फडक्यानं टिपून कोरडा केला. मग सुई दिव्यावर धरून तापवली. पांढरा दोरा ओवला, हळद घातलेल्या खोबरेलात भिजवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढला. दोरा आतच राहू दिला, दोन्ही टोकं बाहेर. पाणी दोऱ्यावरून झिरपतं, वरची कातडी जागची हलत नाही, आतला नाजूक भाग उघडा पडत नाही. आमच्या दिंडीतल्या जुन्या माणसांनाही हे ठाऊक होतं, पण एवढ्या हलक्या हातानं कुणी केलं नसतं.

दोरा सरकत असताना मला भाईंचा हात दिसत होता. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटले की ते असेच शिवायचे. दोऱ्याला मेण चोळून. मी शाळेत होते, दुपारी जाऊन दोऱ्याचं टोक धरून बसायची. मैद्याची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, नाहीतर खळीच्या वासानं किडे येतात. शिवता शिवता बोलायचे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात उतरला, बाय. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं, ओव्या मराठी आणि अक्षरं रोमी, म्हणजे इंग्रजीसारखी. त्याच्याही आधी, १५२६ साली, केळोशीच्या कृष्णदास शामानं श्रीकृष्णचरित्र लिहायला घेतलं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याचंच नाव आहे आणि ते ग्रंथालय १८३२ सालचं. ही सालं मी परीक्षेसाठी कधी पाठ केली नाहीत. ती त्या दोऱ्याबरोबर आत गेली.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातले दोन भाई रोज जगायचे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. नवी पुस्तकं आली की काही थेट टेबलाच्या खणात जायची, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर कुणाचं तरी नाव. खाणीवर ट्रक चालवणारे एकजण रात्री उशिरा यायचे, त्यांच्यासाठी दार उघडं असायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा घरात तोंड दाखवायला नको म्हणून किती माणसं दिवसभर वाचनालयात येऊन बसायची. भाईंनी त्या काळात कुणाकडे वर्गणी मागितली नाही. कुणाला काही विचारलंही नाही. फक्त सकाळी लवकर उघडायला लागले. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ आणि कोकणी ८९१.४६९. भाईंनी दोन्ही एकाच कपाटात लावली होती, आणि गावात भाषेवरून वाद पेटला तेव्हाही ती तिथून हलली नाहीत.

म्हातारीनं पायाला पट्टी बांधली. पैसे विचारले तर रागावली. नाव विचारायचं राहिलं, कारण दिंडी पुढे गेली होती आणि मला ती गाठायची होती. घाट मी पायीच चढले.

कणकुंबीच्या धुक्यात एक काका माझ्याबरोबर चालू लागले. आमच्याच तालुक्यातले. भाईंचा विषय त्यांनीच काढला. "चांगला माणूस. पण आता वाचनालय कशाला? सगळं मोबाईलवर आहे. जागा पंचायतीनं दुसऱ्या कामाला घ्यावी." मी टाळ जोरात वाजवायला लागले. आणखी एक शब्द बोलले असते तर माळेचा मान राहिला नसता. याच काकांनी जांबोटीपर्यंत माझी पिशवी खांद्यावर वाहिली. रोज सकाळी काकडा झाला की पहिल्यांदा माझ्या पायाची चौकशी करायचे. माझा राग गेला नाही आणि त्यांचे उपकारही फिटले नाहीत. दोन्ही घेऊन पंढरपूरपर्यंत चालले.

बेळगाव, मिरज मागे पडलं. मिरजेनंतर पाऊसही मागे राहिला. सांगोल्याकडे माणदेशाची कोरडी जमीन, मोकळं आभाळ, वाऱ्यात धूळ. एका मुक्कामाला शाळेच्या खोलीत झोपायला जागा मिळाली. कोपऱ्यात मुलांच्या पुस्तकांची मांडणी होती. हरिपाठ झाल्यावर मी सहज एक पुस्तक काढलं, बरंच जुनं. पानं करकरीत. वास नाही, डाग नाही, एक पान चिकटलेलं नाही. इथं पुस्तकांना कुणी राखत बसावं लागत नाही. भाई या गावात जन्मले असते तर दर वर्षी वारीला गेले असते. ते पुस्तक छातीशी धरून मी रडले. शेजारच्या आजींना वाटलं पाय दुखतोय. त्यांनी तेल काढलं.

पंढरपुरात चंद्रभागेचं स्नान, कळसाला हात जोडले, मुखदर्शन झालं. माळ मंदिरात देता आली. बस्स.

श्रावणात ऊन पडल्यावर आम्ही काहीजणींनी कपाटं उघडली. खालच्या दोन फळ्यांना बुरशी आहे, वाळवी नाही. पुस्तकं पडवीत उन्हाला ठेवली, फार तापू दिली नाहीत. खळ मी शिजवते आहे. खणात भाईंच्या हातच्या चिठ्ठ्या लावलेली पुस्तकं अजून आहेत. त्यातली ज्यांची नावं वाचता आली त्यांच्या घरी पोचवली. बाकीच्यांनी येऊन बघावं. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी दार उघडं असतं. पाऊस असेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणा.