एकाच ठिपक्याची मादी

पावसाळा सरताना प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात व लगतच्या रानात फुलपाखरांची नोंद करायची, हा आमचा शिरस्ता आहे. तेथे सर्वाधिक वेळ खातात ती पिवळी ग्रास यलो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाकडच्या कोष्ठात दोन खुणा आहेत की तीन, यावर कॉमन की थ्री-स्पॉट हे ठरते आणि ते फुलपाखरू पंख मिटून बसल्याशिवाय दिसत नाही, पण मुलांना ते उडत असतानाच नाव हवे असते.

यंदा मात्र पेच केशरी फुलपाखरांचा पडला. बांधावर रुई माजलेली असल्याने प्लेन टायगर उदंड होते आणि मुले लांबूनच तक्त्यावर रेघा ओढत चालली होती. त्यांतील एक मादी रुईकडे ढुंकूनही न पाहता सोयाबीनच्या कडेला पसरलेल्या घोळीवर पुन्हा पुन्हा टेकत होती आणि पोट वाकवून पानाला लावत होती. प्लेन टायगरची अळी रुईसारख्या चिकाच्या झाडांवर वाढते. तिची मादी घोळीवर अंडी कशाला घालील? दुर्बीण लावली, तेव्हा मागच्या पंखाच्या मधोमध असणारे तीन काळे ठिपके दिसेनात (नराला चौथाही असतो). वरच्या कडेपाशी एकच ठिपका होता. ती डॅनेड एगफ्लायची मादी होती. रुईच्या विषामुळे पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला जात नाहीत आणि स्वतः बिनविषारी असलेली ही मादी त्याच वेशात निर्धास्त वावरते. तिचा नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांभोवती जांभळी झाक असलेला. त्याला कोणी प्लेन टायगर म्हणणार नाही, त्यामुळे तक्त्यांत नरच तेवढे येतात.

आधी ओढलेल्या रेघांपैकी किती तिच्या होत्या, हे आता कोणी सांगू शकत नाही. मागील वर्षांशी तुलना करता यावी म्हणून दोन्ही एकाच रकान्यात धरावीत, असे संकलन करणाऱ्या सहकाऱ्यांनी सुचवले. आकडे जुळण्याची ही हौस मला कधीच उमगलेली नाही. मी तिची नोंद वेगळी केली आणि तक्त्यात ‘मागचा पंख स्पष्ट दिसला का?’ असा नवा रकाना आखून दिला. पहिल्याच दिवशी त्यात बहुतेक उत्तरे ‘नाही’ अशी आली.